आज ग्लोव्ह कुठला? बेन झोब्रिस्टचं करिअर, सोप्या भाषेत

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, सेकंड बेसला. आठवीत असताना एका मॅचच्या दिवशी आमची लेफ्ट फील्डची मुलगी तापाने आलीच नाही, आणि सर म्हणाले तू जा तिकडे, बॉलच तर पकडायचाय. दुसऱ्याच इनिंगला बॉल उंच उडाला, मला वाटलं समोर पडतोय म्हणून मी पुढे धावले आणि तो माझ्या डोक्यावरून मागे जाऊन पडला, रनर दोन बेस आरामात पळाली. सेकंड बेसला बॉल जमिनीवरून सणसणत येतो, विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातो. लेफ्ट फील्डला वेळ भरपूर असतो आणि त्या वेळातच माणूस चुकतो. जागा बदलली की जवळजवळ खेळच बदलतो हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणूनच पुढे बेसबॉल बघायला लागल्यावर माझं लक्ष सगळ्यात जास्त कुणाकडे गेलं असेल तर बेन झोब्रिस्टकडे. हा माणूस १४ सीझन मेजर लीगमध्ये खेळला, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग, आणि त्यात आज सेकंड बेस, उद्या राइट फील्ड, परवा शॉर्टस्टॉप असं करत करत तीनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे सीझनच्या मध्यावर निवडक खेळाडूंची जी मॅच होते त्यासाठी निवडला गेला, लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या टीम्सकडून वर्ल्ड सिरीज (म्हणजे मेजर लीगची फायनल, जास्तीत जास्त सात मॅचेसची) जिंकला आणि त्यातल्या दुसऱ्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी म्हणजे मॅन ऑफ द सिरीज ठरला. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. अमेरिकेतही बराच काळ त्याला नेमकं काय म्हणायचं हे लोकांना ठरवता येत नव्हतं, कारण मोजायची जी साधनं होती त्यात तो बसतच नव्हता. तोच भाग मला आज नीट समजावून सांगायचाय.

आपल्याकडे एक म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. बेसबॉलमध्ये चार जागी खेळू शकणाऱ्याला युटिलिटी प्लेयर म्हणतात, आणि झोब्रिस्टच्या आधी या शब्दात तोच भाव होता. युटिलिटी म्हणजे ज्याला स्वतःची अशी एक जागा मिळवता आली नाही, म्हणून तो बेंचवर बसतो, कुणी दुखावलं की आत जातो, बॅटिंग जेमतेम. हरकाम्या म्हणा ना. टीममध्ये हवा असतो पण त्याच्यासाठी तिकीट काढून कुणी येत नाही.

आता थोडं मैदान समजून घेऊ. बेसबॉलमध्ये फील्डिंगला नऊ जण असतात. पिचर बॉल टाकतो, कॅचर मागे बसून घेतो, हे दोघं वेगळ्याच जातीचे, त्यांना बाजूला ठेवा. राहिले सात. चार जण इनफील्डमध्ये, म्हणजे फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस आणि सेकंड-थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप, आणि तीन जण लांब आउटफील्डमध्ये, लेफ्ट, सेंटर, राइट. क्रिकेटमध्ये कॅप्टन ओव्हरमध्ये चारदा फील्ड बदलतो, स्लिपमधला माणूस मिडविकेटला जातो, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. बेसबॉलमध्ये असं नसतं. तिथे माणूस एका जागेचा असतो, लहानपणापासून त्याच जागेचा, आणि करिअरभर तीच जागा त्याची ओळख असते, जसं आपल्याकडे ओपनर किंवा विकेटकीपर.

ग्लोव्हसुद्धा जागेप्रमाणे वेगळा. सेकंड बेस, शॉर्टस्टॉपवाल्याचा ग्लोव्ह छोटा, सव्वाअकरा-साडेअकरा इंचांचा, आणि खोलगटही नसतो, कारण बॉल आत शिरला की क्षणात दुसऱ्या हाताला सापडला पाहिजे, खोल ग्लोव्हमध्ये बोटं शोधत बसतात. आउटफील्डवाल्याचा ग्लोव्ह साडेबारा-पावणेतेरा इंचांचा, लांब आणि खोल, कारण त्याला धावता धावता हात लांबवून बॉल अडकवायचा असतो. फर्स्ट बेसवाल्याचा तर वेगळाच, बोटं नसलेला, कढईसारखा, कारण त्याचं दिवसभराचं काम म्हणजे बाकीच्यांचे थ्रो घेणं. एकच खेळाडू या सगळ्या जागा खेळणार म्हणजे त्याच्या बॅगेत हे सगळे ग्लोव्ह, आणि प्रत्येक ग्लोव्ह हाताला मऊ होईपर्यंत वापरलेला लागतो, नवा कोरा ग्लोव्ह मॅचला चालत नाही. माझ्याकडे एकच होता, सरांनी दिलेला, तो घालून मी लेफ्ट फील्डला गेले होते, तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं.

ग्लोव्ह सोडा, पायसुद्धा वेगळे चालतात. सेकंड बेसची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डबल प्ले. शॉर्टस्टॉप बॉल उचलून तुमच्याकडे टाकतो, तुम्ही बेसवर पाय टेकवून एकाला आउट करता आणि तिथल्या तिथे अंग वळवून फर्स्ट बेसला थ्रो मारता, आणि हे चालू असताना रनर तुमच्या पायांच्या दिशेने घसरत येत असतो, तो बऱ्याचदा दिसतही नाही कारण तुमची नजर बॉलवर असते. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात. थर्ड बेसला तर हॉट कॉर्नरच म्हणतात, उजव्या हाताच्या बॅटरने ओढलेला बॉल ताशी १५०-१६० किलोमीटरने अंगावर येतो. आउटफील्डला बॅटचा आवाज ऐकून पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे ठरवायचं असतं, आणि सरळ डोक्यावर येणारा बॉल सगळ्यात फसवा, तो पुढे आहे की मागे हेच कळत नाही. हे मी स्वतः भोगलंय. आणि राइट फील्डवाल्याचा हात दणकट लागतो कारण तिथून थर्ड बेसपर्यंतचा थ्रो खूप लांबचा असतो.

बेसबॉलची आकडेमोड बदलून टाकणारे लेखक बिल जेम्स यांनी या जागा अवघडपणाच्या क्रमाने लावून दाखवल्या. सोप्या टोकाला फर्स्ट बेस, मग लेफ्ट फील्ड, राइट फील्ड, थर्ड बेस, सेंटर फील्ड, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि अगदी अवघड टोकाला कॅचर. यातून लक्षात काय येतं, तर सोप्या जागेवर उभं राहू शकणारे पुष्कळ असतात, म्हणून तिथल्या माणसाकडून बॅटिंग दणदणीत हवी, आणि अवघड जागेवरच्या माणसाची बॅटिंग थोडी कच्ची असली तरी टीम चालवून घेते. शॉर्टस्टॉपने २५ होम रन (आपल्या सिक्ससारखे, बॉल थेट मैदानाबाहेर) मारणं आणि लेफ्ट फील्डवाल्याने २५ मारणं यात खूप फरक आहे. आपल्याकडेही पूर्वी कीपरने ३० रन केले तरी खुश असायचो, आता नाही चालत, ती गोष्ट वेगळी. झोब्रिस्टची किंमत कळायला हा क्रम डोक्यात ठेवा.

आता त्याची गोष्ट. जन्म २६ मे १९८१, गाव युरेका, इलिनॉय राज्यातलं छोटंसं गाव, वडील पाद्री. हायस्कूल संपलं तेव्हा एकाही कॉलेजने त्याला बेसबॉलसाठी विचारलं नव्हतं, म्हणजे तिथेच संपायला हवं होतं. आजी-आजोबांकडून वाढदिवसाला मिळालेल्या पैशातले ५० डॉलर भरून तो एका ओपन ट्रायआउटला गेला, तिथे त्याला एका छोट्या ख्रिश्चन कॉलेजच्या कोचने बघितलं आणि स्कॉलरशिप दिली. ऑलिव्हेट नाझरीन असं त्या कॉलेजचं नाव, नंतर तो डॅलस बॅप्टिस्टला गेला आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ह्यूस्टन अॅस्ट्रोजने त्याला सहाव्या राउंडला घेतलं. अमेरिकेत जी मुलं स्टार होतात ती साधारण १६-१७ वर्षांची असल्यापासून स्काउट्सच्या वहीत असतात, हा २३ वर्षांचा होऊन ड्राफ्ट झाला, म्हणजे उशिराच.

२००६ च्या जुलैमध्ये अॅस्ट्रोजला ऑब्री हफ नावाचा बॅटर हवा होता, त्याच्या बदल्यात त्यांनी टँपा बेला मिच टॅलबॉट आणि झोब्रिस्ट असे दोन तरुण देऊन टाकले. टँपाची टीम तेव्हा लीगमधल्या सगळ्यात गरीब टीम्सपैकी एक आणि तळाला राहणारी. तिथे तो शॉर्टस्टॉप म्हणून आला, १ ऑगस्ट २००६ ला पहिली मॅच खेळला, आणि जमलं नाही. बॅटिंग अॅव्हरेज २००६ ला .२२४ आणि २००७ ला .१५५. बेसबॉलचं अॅव्हरेज म्हणजे बॅटिंगच्या दर हजार संधींमागे किती हिट्स (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचलं की हिट), .३०० म्हणजे फार भारी, .२५० ठीकठाक, .१५५ म्हणजे घरी जा. खरंच परत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवलं त्याला. त्या हिवाळ्यात त्याने टीमबाहेरच्या एका स्विंग कोचकडे जाऊन आपली बॅट फिरवायची पद्धत मुळापासून बदलली, आधी तो बॉल नुसता ढकलायचा, आता पूर्ण ताकदीने मारायला शिकला. २००८ ला ६२ मॅचेसमध्ये १२ होम रन. त्याच वर्षी टँपा पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचली, फिलाडेल्फियाकडून हरली.

पण शॉर्टस्टॉपची जागा गेली होती, ती दुसऱ्याला मिळाली होती. इथे टँपाचे मॅनेजर जो मॅडन यांनी जे केलं ते मला फार आवडतं. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपल्या कॅप्टन आणि कोच दोघांचं काम करणारा माणूस, रोजची टीम तोच लावतो. मॅडननी झोब्रिस्टला एक जागा दिली नाही, बेंचवरही बसवलं नाही, रोज खेळवलं आणि रोज वेगळीकडे खेळवलं. ज्याला विश्रांती हवी त्याच्या जागी झोब्रिस्ट, जो दुखावला त्याच्या जागी झोब्रिस्ट, समोरचा पिचर डावखुरा आहे म्हणून आउटफील्डवाला बसवला तर त्याच्या जागी झोब्रिस्ट. २००९ च्या मेमध्ये सेकंड बेसचा अकिनोरी इवामुरा गुडघ्याला मोठी दुखापत होऊन बाहेर गेला, एखाद्या टीमने अशा वेळी बाहेरून माणूस आणला असता, टँपाने झोब्रिस्टला आत सरकवलं आणि राइट फील्डला दुसरा माणूस लावला, झालं काम. त्या सीझनमध्ये तो पिचर आणि कॅचर सोडून सातही जागी उभा राहिला. .२९७ अॅव्हरेज, २७ होम रन, ९१ आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन. आणि ऑल-स्टार. लोक त्याला झोरिला म्हणायला लागले, झोब्रिस्ट अधिक गोरिला.

हे टीमला इतकं का उपयोगी पडतं, ते जरा आकड्यात बघू. तेव्हा टीममध्ये २५ जण असायचे (२०२० पासून २६ झाले). त्यातले १२-१३ पिचर, कारण रोज पिचर बदलावे लागतात. राहिले १२-१३, त्यातले नऊ जण सुरुवातीला खेळतात, उरले तीन-चार. त्यातला एक राखीव कॅचर ठेवावाच लागतो, तो हलवता येत नाही कारण दुसरा कॅचर दुखावला तर काय करणार. म्हणजे मॅनेजरच्या हातात खरेखुरे दोन-तीन माणसं उरतात आणि सीझन १६२ मॅचेसचा, सहा महिन्यांत, आठवड्याला सहा-सहा सात-सात मॅचेस, कुणी ना कुणी रोज दुखत असतं. इनफील्डसाठी एक राखीव, आउटफील्डसाठी एक राखीव असं ठेवलं की हात बांधले. झोब्रिस्टसारखा माणूस असला की ते दोन्ही राखीव एकाच माणसात आणि तोही बेंचवरचा नाही, तुमचा चांगला बॅटर. मोकळ्या झालेल्या जागेवर तुम्ही एखादा फक्त जोरात मारणारा किंवा फक्त वेगाने पळणारा माणूस ठेवू शकता.

२००३ च्या वर्ल्ड कपला द्रविडने कीपिंग केलं होतं आठवतंय? द्रविड काही कीपर नव्हता, पण त्याने ग्लोव्हज घातले म्हणून टीममध्ये एक जादा बॅट्समन बसला आणि आपण फायनलपर्यंत गेलो. तीच युक्ती, फक्त झोब्रिस्टने ती एक-दोन वर्षं नाही, आख्खं करिअर केली, आणि सात जागांवर.

शिवाय तो स्विच हिटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा. क्रिकेटमध्ये असं सहसा नसतं म्हणून थोडं सांगते. उजव्या हाताच्या बॅटरला उजव्या हाताचा पिचर अवघड जातो, कारण बॉल जणू त्याच्या पाठीमागून येतो आणि वळतो तो त्याच्यापासून लांब. डाव्या बाजूला उभं राहिलं की तोच बॉल आत वळत येतो आणि हातातून सुटल्यापासून दिसतो. म्हणून समोरच्या पिचरचा हात बघून मॅनेजर बॅटर बदलत असतात. झोब्रिस्टला बदलायची गरजच नाही, पिचर उजवा तर हा डावीकडे उभा, पिचर डावा तर हा उजवीकडे. म्हणजे फील्डिंगलाही कुठेही आणि बॅटिंगलाही कुणासमोरही. आणि घाई नाही. बेसबॉलमध्ये चार चुकीचे बॉल टाकले की बॅटर फुकट फर्स्ट बेसला जातो, त्याला वॉक म्हणतात, आणि झोब्रिस्ट चुकीच्या बॉलला हात लावायचा नाही. २०१६ मध्ये त्याला ९६ वॉक मिळाले आणि तो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट, झाला ८२ वेळा. हे किती दुर्मीळ आहे सांगते, त्या काळात लीगमध्ये वॉकपेक्षा स्ट्राइकआउट दुपटीहून जास्त व्हायचे.

एवढं सगळं असूनही २००९ च्या एमव्हीपीच्या, इथे म्हणजे आख्ख्या सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तो पहिल्या पाचात नव्हता. एमव्हीपी मिळाला मिनेसोटाच्या जो मौअरला, आणि मौअर कॅचर असून लीगमधलं सगळ्यात जास्त अॅव्हरेज काढून बसला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच वर्षी एक नवा आकडा लोकांच्या तोंडी व्हायला लागला होता, डब्ल्यू-ए-आर, सगळे त्याला वॉर म्हणतात. त्याची कल्पना सोपी आहे. समजा उद्या तुमचा खेळाडू गायब झाला आणि त्याच्या जागी मायनर लीगमधून कमीत कमी पगारावर सहज मिळणारा माणूस आणला, तर टीम वर्षाला किती मॅचेस जास्त हरेल? तेवढा त्या खेळाडूचा वॉर. बॅटिंगचे रन, पळण्याचे रन, फील्डिंगमध्ये वाचवलेले रन सगळे एकत्र मोजतात आणि साधारण दहा रन म्हणजे एक मॅच असा हिशोब धरतात. आणि मघाशी सांगितलेला जागांचा क्रम यात येतो, अवघड जागेवर खेळलात तर त्याचे रन जादा, सोप्या जागेवर खेळलात तर वजा. दोनच्या आसपास वॉर म्हणजे नेहमीचा बरा खेळाडू, पाच म्हणजे ऑल-स्टार, आठ म्हणजे त्या वर्षीच्या अगदी मोजक्या लोकांपैकी एक. २००९ ला झोब्रिस्टचा वॉर साडेआठच्या आसपास होता, अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल) सगळ्या बॅटर्समध्ये सगळ्यात वर. मौअरच्याही वर, न्यूयॉर्क यँकीजच्या सगळ्या करोडपतींच्या वर.

लोकांना पटेना. म्हणायचे आकडाच चुकलाय, हा तर युटिलिटीवाला. फील्डिंगचे आकडे अजूनही शंभर टक्के भरवशाचे नाहीत हे खरंच आहे, मीसुद्धा एका सीझनच्या फील्डिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. पण तो काही एका वर्षाचा चमत्कार नव्हता, पुढेही तो वर्षानुवर्षं तसाच खेळत राहिला. त्याचं कुठलंच एक अंग डोळ्यात भरण्यासारखं नव्हतं, ५० होम रन नाहीत, ६० चोऱ्या (पिचरची नजर चुकवून पळून गाठलेले बेस) नाहीत, सगळंच थोडं थोडं चांगलं आणि काहीच वाईट नाही, आणि असं सगळं एकत्र बांधून त्याची बेरीज करणारं मापच आधी नव्हतं. चिंध्या म्हणून ज्या बाजूला ठेवल्या होत्या त्यांची गोधडी शिवल्यावर ती किती ऊब देते हे तेव्हा कळलं लोकांना. टँपाला मात्र आधीच कळलं होतं, त्यांनी २०१० मध्ये त्याच्याशी २०१३ पर्यंतचा १ कोटी ८० लाख डॉलर्सचा करार केला, त्या खेळाच्या मानाने तो फार स्वस्त. टँपा ज्या डिव्हिजनमध्ये खेळते तिथेच यँकीज आणि बोस्टन, २००९ मध्ये यँकीजचं पगाराचं बिल टँपाच्या तिप्पट होतं. अशा टीमने टिकून राहायचं तर एका पगारात तीन माणसांचं काम करणारा माणूस शोधायलाच हवा.

टँपात तो २०१४ पर्यंत राहिला, २०१३ ला दुसऱ्यांदा ऑल-स्टार झाला. मग २०१५ च्या जानेवारीत ओकलंडला ट्रेड झाला आणि त्याच जुलैमध्ये ओकलंडने त्याला कॅन्सस सिटी रॉयल्सला दिलं. त्या बदल्यात रॉयल्सने शॉन मनाया नावाचा फार चांगला तरुण पिचर दिला, म्हणजे नुसत्या दोन-तीन महिन्यांसाठी मोठी किंमत. रॉयल्सना तो कशासाठी हवा होता बघा. त्यांचा लेफ्ट फील्डचा अॅलेक्स गॉर्डन जांघेच्या दुखापतीने बाहेर होता, आणि सेकंड बेसचा ओमर इन्फान्टे बॅटिंगमध्ये पार ढेपाळला होता. झोब्रिस्ट आला, आधी बरेचदा लेफ्ट फील्डला खेळला, सप्टेंबरमध्ये गॉर्डन बरा होऊन परत आला तसा हा सेकंड बेसला सरकला. एका माणसात दोन भगदाडं बुजवली, एकामागून एक. रॉयल्सने त्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सना पाच मॅचेसमध्ये हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, १९८५ नंतर पहिल्यांदा.

लगेच डिसेंबरमध्ये शिकागो कब्जने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलर्सला घेतलं. ३४ वर्षांचा युटिलिटी प्लेयर आणि एवढे पैसे, हे दहा वर्षांपूर्वी कुणी ऐकून घेतलं नसतं. कब्जचे मॅनेजर कोण होते तर जो मॅडन, टँपा सोडून तिकडे आलेले. आणि कब्ज म्हणजे १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज न जिंकलेली टीम, पिढ्यानपिढ्या लोक वाट बघत मेले अशी टीम. झोब्रिस्टचं घर त्यांच्या स्टेडियमच्या, रिग्ली फील्डच्या, जवळच होतं, तो कधीकधी पूर्ण युनिफॉर्म घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून सायकलवरून मॅचला जायचा. मोठ्या लीगचा खेळाडू रस्त्यावरून सायकल मारत कामाला निघालाय! त्या वर्षी तो सेकंड बेससाठी फॅन्सच्या मतांनी ऑल-स्टार मॅचला निवडला गेला, त्या मॅचला नॅशनल लीगचं पूर्ण इनफील्ड कब्जचंच होतं.

आणि मग प्लेऑफ्स, म्हणजे सीझननंतरचे नॉकआउट सामने, आले, तेव्हा त्याला सेकंड बेसवरून हलवलं. कब्जकडे हाविएर बाएझ नावाचा पोरगा होता, सेकंड बेसला त्याच्यासारखे हात मी बघितले नाहीत, रनरला टॅग करताना, म्हणजे बॉल लावून आउट करताना, विजेसारखा. त्याला खेळवायचं तर झोब्रिस्टला जागा सोडावी लागणार. ऑल-स्टार मॅचला ज्या जागेवर लोकांनी निवडून दिलं तीच जागा सीझनच्या सगळ्यात मोठ्या महिन्यात सोडायची, दुसरा कुणी असता तर पेपरांत चार दिवस तेच चाललं असतं. हा लेफ्ट फील्डला गेला. वर्ल्ड सिरीजभर बाएझ सेकंडला, झोब्रिस्ट लेफ्टला.

सातवी मॅच, २ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँडमध्ये. सिरीजमध्ये कब्ज एकदा ३-१ ने पिछाडीवर होते, ते ३-३ करून आले होते. आठव्या इनिंगला कब्ज ६-३ ने पुढे, चार आउट बाकी, आणि तिथे क्लीव्हलँडने मागून येऊन राजाय डेव्हिसच्या होम रनवर ६-६ केलं. नवव्या इनिंगनंतर पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या, म्हणजे बरोबरीमुळे मिळालेल्या जादा इनिंगला काइल श्वार्बरने हिट मारली, त्याच्या जागी पळायला अल्बर्ट अल्मोरा आला. ख्रिस ब्रायंटचा लांब उडालेला बॉल सेंटर फील्डला कॅच झाला पण तेवढ्यात अल्मोरा फर्स्टवरून सेकंडला पोचला, हे अंगावर काटा आणणारं बेस रनिंग होतं, त्याच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. मग क्लीव्हलँडने अँथनी रिझोला मुद्दाम वॉक दिला. म्हणजे काय, तर रिझो नको, आम्ही पुढच्याला बघतो. पुढचा झोब्रिस्ट.

पिचर ब्रायन शॉ, उजव्या हाताचा, म्हणून झोब्रिस्ट डाव्या बाजूला उभा. दोन स्ट्राइक झाले होते, अजून एक आणि आउट. बॉल बाहेरच्या बाजूला आला. अशा बॉलला ताकदीने ओढायला गेलं की सहसा जमिनीवर सरळ इनफील्डरकडे जातो. त्याने ओढला नाही, बॉल जवळ येऊ दिला आणि उलट्या बाजूला, थर्ड बेसच्या रेषेला लागून काढला, थर्ड बेसवाला जोसे रामिरेझ झेपावला आणि बॉल त्याच्या पलीकडून लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात गेला. अल्मोरा होम बेसला पोचला, रन झाला, ७-६. झोब्रिस्ट सेकंड बेसवर पोचला आणि दोन्ही हात वर करून उड्या मारायला लागला, एरवी शांत, सभ्य माणूस, तोंड उघडून ओरडत होता. पुढे मिगेल माँटेरोने अजून एक रन आणला, क्लीव्हलँडने शेवटी एक कमी केला, ८-७. १०८ वर्षांनी कब्ज जिंकले.

वर्ल्ड सिरीजमध्ये झोब्रिस्टने २८ पैकी १० हिट्स मारल्या, .३५७, आणि एमव्हीपी त्याला मिळाला. कब्जचा पहिलाच वर्ल्ड सिरीज एमव्हीपी. अर्थात कब्ज शेवटचे जिंकले तेव्हा हे बक्षीसच नव्हतं.

त्यानंतर २०१८ ला ३७ व्या वर्षी .३०५ ची बॅटिंग केली. २०१९ ला घरच्या कारणाने मे ते ऑगस्ट तो खेळापासून लांब होता, त्या काळाचा पगार न घेता, त्यावर जास्त बोलायचं आपल्याला काही कारण नाही. सप्टेंबरमध्ये परत आला आणि तो सीझन संपल्यावर थांबला. एकूण १,५६६ हिट्स, १६७ होम रन, .२६६ अॅव्हरेज. हे आकडे एकेकटे बघितले तर हॉल ऑफ फेमवाले वळूनही बघणार नाहीत. करिअरचा वॉर बघितला तर ४४-४५ च्या आसपास, आणि तेवढ्या वॉरचे कितीतरी खेळाडू त्याच्याहून दहापट प्रसिद्ध आहेत.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. बेसबॉलमध्ये फील्डिंगसाठी गोल्ड ग्लोव्ह नावाचं मोठं बक्षीस आहे, ते प्रत्येक जागेच्या उत्तम माणसाला देतात, सेकंड बेसचा एक, राइट फील्डचा एक असं. झोब्रिस्टला ते एकदाही मिळालं नाही. एका जागेवर पुरेशा मॅचेस झाल्या तरच नाव विचारात घेतलं जायचं, आणि याच्या मॅचेस चार जागांत वाटलेल्या. टीमला गरज होती म्हणून हा वाटला गेला आणि त्यामुळेच बक्षिसातून सुटला. तो थांबल्यावर तीन वर्षांनी, २०२२ पासून, युटिलिटी प्लेयरसाठी वेगळा गोल्ड ग्लोव्ह सुरू झाला, पहिल्या वर्षी डीजे लेमाहियू आणि ब्रेंडन डोनोव्हन यांना मिळाला. डोनोव्हनचं ते पहिलंच वर्ष होतं मेजर लीगमध्ये. आता मुलं सुरुवातीपासूनच तीन ग्लोव्ह घेऊन येतात, कोच त्यांना मायनर लीगमध्येच चार जागी उभे करतात, आणि टीमच्या याद्या वाचताना कुणी ना कुणी म्हणतंच, हा आमचा झोब्रिस्ट होऊ शकतो.

एकाच मॅचमध्ये नऊच्या नऊ जागी खेळायचा प्रयोग बर्ट कॅम्पानेरिसने १९६५ मध्येच केला होता, पण तो एका दिवसाचा तमाशा होता, तिकीट विक्रीसाठी. झोब्रिस्टने तसं कधी केलं नाही, टीमला जिथे भोक होतं तिथेच तो गेला. त्याच्या शेवटच्या आठवड्यात, २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस, कब्ज एक मॅच हरत होते, खरे पिचर वाया घालवायचे नव्हते, आणि कुणीतरी एक इनिंग टाकायला हवी होती. ३८ वर्षांचा झोब्रिस्ट माउंडवर, म्हणजे पिचरच्या जागी, गेला आणि एकही रन न देता इनिंग संपवून आला. मेजर लीगच्या मॅचमध्ये त्याने कधीच न खेळलेली जागा मग एकच उरली, कॅचर.